कॉम्प्युटर चालू होतो, पण विंडोज येत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी एवढं तपासा

बटण दाबलं की दिवा लागतो, आतला पंखा फिरतो, नेहमीचा आवाजही येतो. पण पडद्यावर एक तर काहीच दिसत नाही, नाहीतर काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी येऊन सगळं थांबतं. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस आले की पालक हमखास विचारतात, “सर, कॉम्प्युटर बंद पडलाय. फॉरमॅट मारावा लागेल का?”

या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असतं. निदान पहिलं उत्तर तरी ‘नाही’च असायला हवं. आपल्या घरांत बहुधा एकच डेस्कटॉप असतो आणि तो सगळ्यांचा असतो. त्यात मुलीचा बायोडेटा असतो, धाकट्याचा प्रोजेक्ट असतो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे स्कॅन असतात. घरातल्या निकाहाचे फोटो असतात, आता हयात नसलेल्या दादा-दादींचे फोटो असतात. डबा बिघडला तर दुरुस्त होईल, नाहीतर दुसरा येईल. हे मात्र बाजारात विकत मिळत नाही. म्हणून मशीन कुठे अडलंय हे कळेपर्यंत डिस्कला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

चालू होणं वेगळं, बूट होणं वेगळं

पंखा फिरला म्हणजे वीज पोहोचली, एवढंच त्यातून कळतं. विंडोज येईपर्यंत अजून बरीच वाट असते. या वाटेचे चार टप्पे समजून घ्या.

पहिला टप्पा विजेचा. डब्यातला एसएमपीएस घरातली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी कमी दाबाने पुरवतो. दुसरा टप्पा स्वतःच्या तपासणीचा. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि कीबोर्ड जागेवर आहेत का ते पाहतो. या हजेरीला ‘पोस्ट’, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात बायोस विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते शोधतो. चौथ्या टप्प्यात विंडोज डिस्कवरून रॅममध्ये येतं आणि कारभार हातात घेतं.

‘बूट’ हा शब्दही इथलाच. पायातल्या बुटाला मागे एक पट्टी असते, ती धरून बूट चढवतात. स्वतःच्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाची इंग्रजीत म्हण आहे. कॉम्प्युटरही एका छोट्या प्रोग्रामच्या जोरावर स्वतःच स्वतःला उभा करतो, म्हणून हे नाव पडलं.

फॉरमॅटचा संबंध फक्त चौथ्या टप्प्याशी येतो. बिघाड पहिल्या तीन टप्प्यांत असेल तर फॉरमॅट करून काहीही सुधारणार नाही, घरातल्या फाइल्स तेवढ्या जातील.

हात लावण्याआधी

मोबाइल काढा आणि पडद्यावर जे काही दिसतंय त्याचा फोटो घ्या. दोन ओळी असल्या तरी घ्या. डॉक्टरला रिपोर्ट लागतो तसा हा फोटो पुढे कामाला येतो.

मग स्विच बंद करून प्लग भिंतीतून काढा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, मेमरी कार्ड, जे काही जोडलंय ते सगळं काढून टाका. प्लग काढलेला असतानाच डब्याचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेला करंट त्यामुळे निघून जातो. आता फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडून पुन्हा चालू करा. काही मशीन एवढ्यावरच उठतात.

पेन ड्राइव्हचं तर आवर्जून सांगतो. मुलं गाणी किंवा प्रोजेक्ट घेऊन येतात आणि पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला तसाच राहून जातो. ज्या मशीनमध्ये ‘आधी यूएसबी बघ’ अशी सेटिंग असते ते त्या पेन ड्राइव्हवर विंडोज शोधतं, सापडत नाही आणि तिथेच थांबतं. पडद्यावर ‘रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया’ असा मजकूर आला तर आधी यूएसबीच्या जागा पाहा. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये एखादी डिस्क राहिली असेल तर तीही काढा.

पडदा पूर्ण काळा असेल तर

आधी मॉनिटरचीच परीक्षा घ्या. त्याचा स्वतःचा दिवा लागतोय का? ‘नो सिग्नल’ असं लिहून येतं का? येत असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे चित्राच्या केबलसाठी दोन ठिकाणी जागा दिसेल. अशा वेळी केबल कार्डाच्या जागेत लावायची, वरच्या मदरबोर्डच्या जागेत नाही. साफसफाई करून डबा पुन्हा लावताना ही अदलाबदल हमखास होते.

मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. प्रत्येक वेळी दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं आहे आणि अडचण चित्राच्या बाजूला आहे. दिवा ढिम्म राहिला तर गाडी बहुधा दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे पोस्टवरच अडली आहे.

पोस्ट अडली की मशीन आपल्या परीने सांगायचा प्रयत्न करतं. बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर बीप वाजतात. किती बीप, लांब की आखूड, हे मोजून लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीच्या बायोसची बीपची भाषा वेगळी असते, त्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्याला लावू नका, आपल्या बोर्डाच्या माहितीपत्रकात पाहा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर बीपऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. ज्या नावाचा दिवा जळत राहील तिथे अडलंय असं समजायचं.

इथे पहिला संशय रॅमवर घ्यावा. आमच्या कोकणात तर हे दर वर्षीचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिना लॅब बंद राहते, जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि शाळा उघडली की दोन-तीन मशीन तरी पंखा फिरवत नुसती बसून राहतात. दमट हवेने आणि धुळीने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो आणि तिचा स्लॉटशी नीट संपर्क होत नाही.

उपाय घरी करता येतो. प्लग काढा. डब्याची एका बाजूची झडप उघडा. आधी डब्याच्या बिनरंगाच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या टोकांच्या क्लिपा बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. सोनेरी भागाला बोट न लावता पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, कण झटका आणि कोरड्या सुती कापडाने साफ करा. परत लावताना पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर जुळवा आणि दोन्ही टोकांना क्लिपचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. पट्ट्या दोन असतील तर एक-एक करून लावून पाहा. एकीवर चालतं आणि दुसरीवर नाही, तर दोषी सापडली. दोन्हींवर चालत नसेल तर स्लॉट बदलून पाहा.

झडप उघडलीच आहे तर मदरबोर्डला आलेल्या विजेच्या जोडण्याही पाहून घ्या. एक लांब, बहुधा २४ पिनांची असते. दुसरी प्रोसेसरजवळ असते, ४ किंवा ८ पिनांची. ही दुसरी सैल असेल तर पंखे फिरतात, पण प्रोसेसर उठत नाही. मशीन दोन सेकंद चालू होऊन बंद पडतं आणि आपोआप पुन्हा चालू होतं, असं सारखं होत असेल तर रॅम किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्या. एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. एसएमपीएसचा लोखंडी डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल एवढी वीज राहू शकते. हा भाग बदलतात, घरी खोलत नाहीत.

कंपनीचं नाव येतं, मग थांबतं

पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं म्हणजे पोस्ट झाली. रॅम, प्रोसेसर आणि चित्र यांची चिंता आता नको. यानंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ असं आलं तर आपण तिसऱ्या टप्प्यावर आहोत. बायोसला विंडोज सापडत नाहीये.

हा मजकूर वाचून घरात घबराट होते, ‘सगळं उडालं’ असं वाटतं. पण सापडत नाही म्हणजे उडालं असं नाही. घरात चावी सापडत नाही म्हणून ती हरवलीच असं आपण म्हणतो का?

आता बायोसमध्ये जाऊन पाहायचं. मशीन चालू करताच ठरलेली कळ टकटक दाबत राहायची. असेंबल केलेल्या मशीनला बहुधा डिलीट, डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होच्या डेस्कटॉपला एफ१. आत गेल्यावर दोन गोष्टी पाहायच्या: तारीख बरोबर आहे का, आणि डिस्कच्या यादीत आपली डिस्क दिसते का.

तारीख बरीच वर्षं मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा हा ३ व्होल्टचा सेल असतो, त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे त्याचं मापच आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. मशीनचा प्लग काढलेला असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम हा सेल करतो, जुन्या मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. सेल संपला की सेटिंग मूळच्या जागेवर जातात. डिस्कचा क्रम बदलतो, ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ यांची अदलाबदल होऊ शकते, साटाची पद्धत बदलू शकते. विंडोज डिस्कवर सुखरूप असतं, बायोस मात्र भलत्याच दारावर टकटक करत असतो. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येण्याचं हेही एक कारण असतं.

घड्याळाच्या दुकानात मिळणारा नवा सेल टाका, तारीख लावा आणि बूट ऑर्डरमध्ये आपली डिस्क किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा. तरी विंडोज येत नसेल तर लेगसी-यूईएफआय बदलून एकदा पाहा, जमलं नाही तर होतं तसं करून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी त्या पानाचा फोटो घ्यायचा. हे पथ्य पाळलं तर बायोसमध्ये जायला भीती नाही.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर मशीन बंद करून प्लग काढा आणि डिस्कच्या दोन्ही केबली पाहा. रुंद असते ती विजेची, अरुंद असते ती साटाची. काढून पुन्हा बसवा. साटा केबल बदलून किंवा बोर्डाच्या दुसऱ्या साटा जागेत लावून पाहा. ही केबल स्वस्त असते आणि कित्येकदा तीच खराब निघते.

आता कान द्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ठरावीक लयीत ‘टक-टक’ येत असेल किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. मशीन बंद करा. ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणून चालू-बंद करत बसू नका. अशी डिस्क प्रत्येक वेळी थोडी-थोडी अधिक खराब होऊ शकते. आत काही महत्त्वाचं असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच ती न्यायची.

विंडोजचं चिन्ह येतं, मग अडतं

गोल-गोल ठिपके फिरत राहतात, निळा पडदा येतो किंवा ‘प्रिपेरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ म्हणत मशीन तिथल्या तिथे घुटमळतं. हा चौथा टप्पा. वीज मध्येच जाणं, अपडेट अर्धवट राहणं, खराब होत चाललेली डिस्क, ही याची नेहमीची कारणं.

विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा उठू शकलं नाही की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहा. नवीन अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ किंवा ‘सिस्टिम रिस्टोअर’ आहे. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून सेफ मोडमध्ये मशीन उघडलं तर दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घ्या.

त्याच पडद्यावर ‘रीसेट धिस पीसी’ असंही दिसतं. त्यात ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात तुमच्या फाइल्स राहतात, पण टाकलेले प्रोग्राम जातात. दुसऱ्यात सगळंच जातं. घाईत मुलाने दुसऱ्यावर बोट ठेवलं की संपलं. डिस्क एसएसडी असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशा फारच कमी. म्हणून फाइल्स बाहेर काढल्याशिवाय या पानाकडे वळू नका.

४८ आकड्यांची ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली तर डिस्क कुलूपबंद आहे असं समजा. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने कॉम्प्युटर सुरू केला होता, त्या खात्यात ही की बहुधा जपलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून ते खातं उघडून पाहा. की मिळेपर्यंत फॉरमॅटला हो म्हणू नका.

विंडोज उठत नसतानाही फाइल्स काढता येतात

हे फार थोड्या घरांत माहीत असतं. डिस्क धडधाकट असेल तर ती डब्यातून काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळी १२ व्होल्टची वीज लागते, म्हणून तिच्यासाठी स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलंच साधन घ्यायचं. दुसरा मार्ग म्हणजे पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स टाकायची आणि मशीन त्यावरून ‘ट्राय’ करून सुरू करायचं. इन्स्टॉल म्हणायचं नाही, फक्त ट्राय. मग तुमची डिस्क उघडून फाइल्स बाहेर घेता येतात. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी एका दुपारी हे सहज शिकते.

दुकानात नेताना

घरी जमलं नाही तर दुकानात जरूर न्या, त्यात कमीपणा नाही. पण डबा काउंटरवर ठेवून ‘चालू करून द्या’ एवढंच सांगून परत येऊ नका. समोरच्याला तुमच्या फाइल्सची किंमत माहीत नसते आणि फॉरमॅट हा त्याचा सगळ्यात झटपट मार्ग असतो.

पडदा काळाच राहत असेल, म्हणजे बिघाड दुसऱ्या टप्प्यावर असेल, तर डिस्क घरी काढून ठेवा आणि डबा तेवढा द्या. रॅम, बोर्ड किंवा एसएमपीएस तपासायला तुमची डिस्क लागत नाही. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार आणि पासबुकाचे स्कॅन परक्या टेबलावर चार दिवस का ठेवायचे? हा अविश्वास नाही, साधी काळजी आहे. चांगला कारागीर यावर रागावत नाही.

डिस्क द्यावीच लागली तर एक चिठ्ठी चिकटवा: ‘डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ खाली मोबाइल नंबर लिहा आणि त्या चिठ्ठीचाही फोटो घ्या. मशीन कुठवर येतं, किती बीप वाजतात, कोणता मजकूर दिसतो, काय-काय करून पाहिलंय, हे चार ओळींत सांगा. ज्याला नेमकं सांगता येतं, त्याला नको असलेला भाग गळ्यात बांधणं अवघड जातं.

मशीन नीट चालतंय तोवर

हा लेख वाचताना तुमचा कॉम्प्युटर ठीक चालत असेल तर तीन कामं याच रविवारी उरकून घ्या. बायोसच्या बूट पानाचा आणि साटा सेटिंगचा मोबाइलवर फोटो घ्या, सेल संपला तर हाच उपयोगी पडेल. बिटलॉकर चालू आहे का ते पाहा, असेल तर ते ४८ आकडे कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. आणि दाखले, फोटो व हिशेब यांची एक प्रत वेगळ्या पोर्टेबल डिस्कवर घ्या. ती डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून न ठेवता कपाटात ठेवायची. शेवटचं काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘प्रत घेतली का?’ एवढं विचारत जा.